दिवाळी सरली तरी भेटसंचातच : एका पुस्तकविक्री संकेतस्थळावरील ब्रेडक्रंबचे प्रकरण

परिस्थिती

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात दुकान असलेल्या एका पुस्तकविक्रेत्याने आपली ऑनलाइन विक्री वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीवर, वूकॉमर्स हे ऑनलाइन दुकानासाठीचे प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा प्रोग्रॅम) वापरून उभी केली होती. दुकानाचे नाव येथे देण्याचे कारण नाही. पुढे पुस्तकांच्या वर्गांचे (कॅटेगरींचे) जे क्रमांक येतील तेही बदललेले आहेत. त्यांचा लहानमोठेपणा मात्र मूळचाच ठेवला आहे, कारण सगळे प्रकरण त्या लहानमोठेपणावरच उभे आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एका तालुक्याच्या गावातून ग्रंथपालांचा दुकानात फोन आला. आर्थिक वर्ष संपत आले की सार्वजनिक ग्रंथालयांची खरेदीची धांदल सुरू होते, त्यामुळे त्या दिवसांत असे फोन नेहमीचेच. या फोनवरचा प्रश्न मात्र नेहमीचा नव्हता. संकेतस्थळावरील एक ऐतिहासिक कादंबरी सुटी मिळेल, की तिच्यासाठी अख्खा दिवाळी भेटसंच घ्यावा लागेल, असे त्यांना विचारायचे होते. कादंबरीच्या पानावर एका प्रतीची किंमत स्पष्ट होती आणि ‘कार्टमध्ये टाका’ हे बटणही चालू होते. तरीही शंका आली, कारण शीर्षकाच्या वरच्या बारीक ओळीत, म्हणजे पानाचे संकेतस्थळावरील स्थान दाखवणाऱ्या ‘ब्रेडक्रंब’मध्ये, ‘मुख्यपृष्ठ / विशेष योजना / दिवाळी भेटसंच’ असे लिहिलेले होते, आणि त्यातल्या शेवटच्या दुव्यावर जाऊन पाहावे तर तेथे एकूण एक संचावर ‘साठा संपला’ अशी पट्टी होती. ग्रंथपालांचा निष्कर्ष चुकीचा होता, पण पानावर जे दिसत होते त्याला धरूनच होता.

दुकानातील मंडळींनी चाळून पाहिले तेव्हा अशी पुस्तके बरीच निघाली. चरित्रे, कवितासंग्रह, पाककृतींची पुस्तके, म्हणजे दिवाळीत ज्यांचे संच बांधले गेले होते ती सगळी पुस्तके, फेब्रुवारी उजाडला तरी भेटसंचाच्या ओळीखालीच नांदत होती. त्या कादंबरीचा मूळ वर्ग, ‘साहित्य / कादंबरी / ऐतिहासिक’, कोणी काढून टाकलेला नव्हता. संपादनाच्या पडद्यावर त्याच्यासमोरच्या चौकोनात खूण जशीच्या तशी होती. फक्त वरच्या ओळीत तो दिसत नव्हता.

कारणाचा शोध

प्रथम संशय कॅशेवर, म्हणजे साठवून ठेवलेल्या तयार पानांवर गेला, मग पानांचे रूप ठरवणाऱ्या थीमवर. कॅशे रिकामा करून काही बदलले नाही, आणि थीमने ब्रेडक्रंबच्या साच्याला हातही लावलेला नव्हता. पेच वाढला तो संकेतस्थळाच्या चाचणीसाठी ठेवलेल्या प्रतीमुळे. त्या प्रतीवर तीच थीम, तीच प्लगिने आणि त्याच आवृत्त्या होत्या, आणि तेथे हीच कादंबरी ‘साहित्य / कादंबरी / ऐतिहासिक’ अशा बिनचूक ओळीखाली दिसत होती. प्रोग्रॅमरला चूक आपल्या पडद्यावर दाखवता येत नाही तोवर तो ती मान्य करीत नाही, आणि येथे तर ती दिसतच नव्हती. पण सगळे काही सारखे असताना दोन ठिकाणी दोन वेगळ्या ओळी येत असतील, तर फरक प्रोग्रॅममध्ये नसून डेटामध्ये असला पाहिजे, हे त्यातूनच लक्षात आले.

वर्डप्रेसमध्ये प्रत्येक वर्ग तयार होताना त्याला पुढचा रिकामा क्रमांक मिळतो. दुकानाने सुरुवातीला साहित्याची शाखा उभारली तेव्हा ‘कादंबरी’ या वर्गाला २३ क्रमांक मिळाला. ‘विशेष योजना’ हा वर्ग पुष्कळ उशिरा, पहिल्या सवलतीच्या वेळी तयार झाला आणि त्याला २१४ मिळाला. वूकॉमर्सच्या त्या वेळच्या आवृत्तीत ब्रेडक्रंब तयार करताना पुस्तकाला लावलेले सर्व वर्ग गोळा केले जात, ते त्यांच्या वरच्या, म्हणजे पालक वर्गाच्या क्रमांकानुसार उतरत्या क्रमाने लावले जात, आणि जो पहिला येई तो पुस्तकाचा मुख्य वर्ग धरला जाई. मग त्या वर्गाचे पूर्वज एकामागे एक जोडून ओळ पुरी केली जाई. ‘ऐतिहासिक’ या वर्गाचा पालक २३, ‘दिवाळी भेटसंच’ या वर्गाचा पालक २१४. दोनशे चौदा मोठा, म्हणून भेटसंच जिंकला. यात ना विक्रीचा विचार होता, ना विषयाचा, ना वर्ग निवडताना दुकानदाराने आधी कोणत्या चौकोनात खूण केली याचा.

हा नियम वेडगळ आहे असे समजू नये. सर्वांत वरच्या पातळीवरील वर्गाला पालक नसतो, म्हणजे त्याचा पालक-क्रमांक शून्य असतो. त्यामुळे ‘साहित्य’ आणि ‘कादंबरी’ या दोन्हींत खूण असेल तर ‘कादंबरी’ आपोआप पुढे येते. शिवाय माणसे सहसा आधी पालक वर्ग करतात आणि मग त्याच्या पोटातले वर्ग करतात, त्यामुळे खोलवरच्या पालकाचा क्रमांक बहुधा मोठाच असतो. सगळे वर्ग एकाच शाखेतले असतील तर या नियमाने सर्वांत नेमका वर्ग हाती येतो, आणि बहुतेक छोट्या दुकानांना एवढे पुरते. पुस्तक दोन स्वतंत्र शाखांत बसले की मात्र हाच नियम ‘जी शाखा नंतर उघडली ती खरी’ असा वागू लागतो. सणासुदीच्या शाखा नेहमीच नंतर निघतात. त्यामुळे या दुकानात प्रत्येक नवी योजना मूळ वर्गीकरणावर मात करीत होती, आणि योजना संपली तरी ओळीतून तिची गच्छंती होत नव्हती.

चाचणीच्या प्रतीचे कोडेही येथेच सुटले. तेथील वर्ग हाताने केलेले नव्हते. पुस्तकांची सीएसव्ही यादी (स्वल्पविरामांनी स्तंभ पाडलेली साधी फाइल) आयात करताना ते आपोआप तयार झाले होते, आणि त्या यादीच्या आरंभी योगायोगाने भेटसंच होते. त्यामुळे तेथे ‘विशेष योजना’ या वर्गाला ‘कादंबरी’पेक्षा लहान क्रमांक मिळाला होता, आणि नियम तोच असूनही निकाल उलटा लागला होता. चाचणीच्या प्रतीवर ओळ बरोबर होती तीसुद्धा नशिबानेच.

त्याच संकेतस्थळावर पुस्तकपरिचयाचे लेखही होते, आणि त्यांची तऱ्हा आणखी निराळी निघाली. लेखांच्या पत्त्यात वर्ग दाखवण्याची मांडणी निवडलेली होती, आणि लेखाला एकाहून अधिक वर्ग असतील तर वर्डप्रेस पत्त्यासाठी सर्वांत लहान क्रमांकाचा, म्हणजे सर्वांत जुना वर्ग घेते. लेखाच्या वर दिसणारा ब्रेडक्रंब मात्र वर्गांच्या नावांच्या अक्षरक्रमात पहिला येणारा वर्ग घेत होता. म्हणजे एकाच छपराखाली तीन नियम चालू होते : पुस्तकांना नवी शाखा, लेखांच्या पत्त्याला जुना वर्ग आणि लेखांच्या ओळीला अक्षरक्रम. कोणताही नियम कोणी जाणूनबुजून निवडलेला नव्हता. दुकानाने निर्णय घेतला नाही, म्हणून तो परस्पर घेतला गेला एवढेच.

शोधयंत्रांसाठी पानात दडवून ठेवलेली माहिती पाहिली तेव्हा आणखी एक विसंगती दिसली. ब्रेडक्रंबची संरचित माहिती, म्हणजे स्कीमा डॉट ऑर्गच्या ‘ब्रेडक्रंबलिस्ट’ या ठरावीक साच्यात क्रमांक, नाव आणि दुवा अशी लिहिलेली यादी, पानात दोनदा होती. एक वूकॉमर्सने लिहिलेली, भेटसंचाची. दुसरी एसइओच्या, म्हणजे शोधयंत्रांत संकेतस्थळ नीट दिसावे यासाठीच्या प्लगिनने लिहिलेली, कादंबरीची, कारण त्या प्लगिनमध्ये प्राथमिक वर्ग निवडण्याची सोय होती आणि एका दक्ष कर्मचाऱ्याने काही पुस्तकांपुरती ती वापरलीही होती. एका पानाला एकापेक्षा अधिक मार्ग देण्यास गूगलची हरकत नाही. पण डोळ्यांना दिसणारी ओळ एक आणि यंत्राला सांगितलेल्या ओळी दोन, त्यांतही एक न दिसणारी, हा प्रकार नियमाच्या अक्षरापेक्षा त्याच्या हेतूला सोडून होता. त्या कर्मचाऱ्याला मात्र आपण निवडलेला वर्ग पानावर का उमटत नाही हे शेवटपर्यंत कळले नव्हते. त्याची निवड साठवली जात होती, पण ओळ तयार करणारा भाग त्या नोंदीकडे पाहतच नव्हता.

कोणकोणते उपाय पुढे आले

सर्वांत सोपा उपाय दुकानाने स्वतःच करून पाहिला होता : दिवाळी सरली की त्या वर्गाची खूण काढून टाकायची. एका योजनेपुरते हे चालले असते. पण २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन होता, त्यासाठीची सवलत ‘विशेष योजना’ याच शाखेखाली तयार होत होती, आणि त्यानंतर २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन येणार होता. वर्षातून चारपाच वेळा शेकड्यांनी खुणा करायच्या आणि काढायच्या, आणि योजना चालू असेपर्यंत ओळ चुकीचीच राहू द्यायची, याला उपाय म्हणता येत नाही. ज्या काळात गिऱ्हाईक सर्वाधिक येते त्याच काळात ओळ चुकीची, असा त्याचा अर्थ होतो.

मालकांची स्वतःची सूचना अशी होती की, गिऱ्हाईक ज्या वाटेने आले तीच वाट वर दाखवावी. ऐकायला ही सूचना पटते. स्पर्धा परीक्षेच्या विभागातून आलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेची ओळ दिसावी आणि इतिहासाच्या विभागातून आलेल्या वाचकाला इतिहासाची, यात गैर काय? संकेतस्थळांच्या रचनेचे अभ्यासक कीथ इन्स्टोन यांनी २००२ मध्ये ब्रेडक्रंबची जी तीन प्रकारांत विभागणी केली होती (पानाचे स्थान दाखवणारे, वापरणाऱ्याने चाललेली वाट दाखवणारे आणि वस्तूचे गुणधर्म दाखवणारे), त्यातला हा दुसरा प्रकार. परंतु चाललेली वाट ब्राउझरच्या मागे जाण्याच्या बटणात असतेच, आणि संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी २००७ मध्ये हाच मुद्दा मांडून ब्रेडक्रंबने स्थळाची रचना दाखवावी, भेटीचा इतिहास नव्हे, असे म्हटले होते. जो माणूस गूगलवरून किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून थेट पुस्तकाच्या पानावर उतरतो, त्याने कोणतीही वाट चाललेली नसते. आणि ओळीची खरी गरज त्यालाच असते. शिवाय या संकेतस्थळावर तयार पाने साठवून सर्वांना तीच दिली जात होती. माणसागणिक ओळ बदलायची तर ती सोय सोडावी लागली असती किंवा ओळ ब्राउझरमध्ये मागाहून रंगवावी लागली असती, आणि गूगलला दिसणारी ओळ पुन्हा निराळीच राहिली असती.

दोन ओळी एकाखाली एक दाखवण्याचाही विचार झाला. मोठ्या पडद्यावर ते खपले असते. मोबाइलवर, जेथे ‘मुख्यपृष्ठ / स्पर्धा परीक्षा / राज्यसेवा / मुख्य परीक्षा’ एवढीच ओळ दोन ओळींत मोडते, तेथे पुस्तकाचे मुखपृष्ठ दिसण्याआधी अर्धा पडदा वाटा दाखवण्यात गेला असता.

प्रोग्रॅमरला सर्वांत पसंत असलेला उपाय होता तो खोलीचा : ज्या शाखेत पुस्तक सर्वांत खोल आहे ती शाखा दाखवावी. क्रमांकाच्या योगायोगापेक्षा हा नियम केव्हाही बरा, आणि या एका कादंबरीचा प्रश्न त्याने सुटलाही असता, कारण भेटसंच दुसऱ्या पातळीवर आणि ‘ऐतिहासिक’ तिसऱ्या पातळीवर होते. पण खोली म्हणजे महत्त्व नव्हे. या दुकानात ‘स्पर्धा परीक्षा’ची शाखा चार पातळ्यांपर्यंत चिरलेली होती (राज्यसेवा, मुख्य परीक्षा, इतिहास), तर सर्वसाधारण वाचकांसाठीची ‘इतिहास / महाराष्ट्र’ ही शाखा दोनच पातळ्यांची होती. पेशवाईवरचे एखादे अभ्यासपूर्ण पुस्तक परीक्षार्थीही वाचतात म्हणून त्याला दोन्हीकडे ठेवले की, खोलीच्या नियमाने ते परीक्षेचे पुस्तक ठरले असते. एखादी शाखा किती खोल आहे यावरून ती कोणी तरी किती बारकाईने कापली एवढेच कळते. पुस्तक कोणाचे, हे कळत नाही.

पुस्तकाची जागा

या टप्प्यावर चर्चेला योग्य वळण दिले ते दुकानातील सर्वांत जुन्या कर्मचाऱ्याने, ज्यांना दुकानातले सगळे काका म्हणतात आणि ज्यांचा संकेतस्थळाशी एरवी काही संबंध येत नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : “दिवाळीत आपण पुस्तकं दाराजवळच्या टेबलावर मांडतो. टेबल उठलं की पुस्तक परत आपल्या कपाटात जातं. त्याची जागा कपाटातच असते, टेबलावर नसते. तुमच्या कॉम्प्युटरनं टेबललाच कपाट केलंय.” याहून नेमके निदान बैठकीत कोणी केले नाही. वर्डप्रेसच्या वर्ग या एकाच साधनात दुकानाने दोन वेगळी कामे कोंबली होती : पुस्तकाचे स्थान सांगणे आणि पुस्तकांचा तात्पुरता मेळ घालणे. ब्रेडक्रंबला पहिल्या कामाशीच कर्तव्य आहे.

त्यावरून दोन निर्णय झाले. प्रत्येक पुस्तकाला नेमका एक मुख्य वर्ग असेल आणि तो माणूस ठरवील. आणि योजना, सवलती, संच यांच्यासाठी वर्गांऐवजी टॅग, म्हणजे पुस्तकाला लावायच्या सुट्या चिठ्ठ्या, वापरले जातील. दुसरा निर्णय करताना एक भेद जपावा लागला. ‘दिवाळी अंक’ हा वर्ग दिवाळीचा असला तरी योजना नव्हे. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये काढलेल्या दिवाळी अंकापासून चालत आलेला तो नियतकालिकांचा स्वतंत्र प्रकार आहे, त्याला कायमचे कपाट हवे. ‘दिवाळी भेटसंच’ मात्र टेबल. उत्साहाच्या भरात एका कर्मचाऱ्याने ‘दिवाळी’ हा शब्द असलेले दोन्ही वर्ग टॅगच्या यादीत टाकले होते, ते वेळीच बाजूला काढले गेले. तसेच संच ही स्वतंत्र विक्रीची वस्तू असल्याने तिलाही पान आणि स्थान लागतेच. म्हणून ‘पुस्तकसंच’ असा वर्षभर टिकणारा एक साधा वर्ग करण्यात आला, ज्यात फक्त संच बसतात, संचांतली सुटी पुस्तके नाहीत.

मुख्य वर्ग ठरवणे हे काम वाटते तितके यांत्रिक नाही. ग्रंथालयांना ही अडचण जुनी आहे, आणि त्यांचे उत्तरही जुने आहे : तालिकेत नोंदी कितीही असोत, पुस्तकाच्या पाठीवरचा वर्गांक एकच. ड्युई दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये येते आणि त्यातली कादंबरी ८९१.४६३ मध्ये, कादंबरी शिवकालावर असली म्हणून ती इतिहासात जात नाही. दुकानाने हाच धागा पकडून आधी साहित्यप्रकार आणि मग विषय असा क्रम ठरवला, पण तो डोळे झाकून लावला नाही. लहान मुलांसाठी लिहिलेले सावित्रीबाई फुले यांचे चरित्र ग्रंथालयाच्या दृष्टीने चरित्र असेल. दुकानात मात्र त्याचे गिऱ्हाईक म्हणजे बालवाङ्मयाच्या कपाटाशी वाकून उभे राहिलेले पालक, आणि त्यांना एक पायरी वर गेल्यावर त्याच वयाची दुसरी पुस्तके दिसायला हवी असतात. म्हणून तेथे ‘बालसाहित्य’ हा मुख्य वर्ग ठरला. निकष एकच ठेवला : या पुस्तकावर आलेला माणूस ‘असेच आणखी दाखवा’ म्हणाला तर त्याला कोणत्या वर्गात न्यावे. गूगलचे मार्गदर्शनही याच अंगाने जाते. ब्रेडक्रंबने पत्त्याची रचना गिरवण्यापेक्षा माणूस सहसा ज्या मार्गाने पानावर पोहोचेल तो मार्ग दाखवावा, असे ते सांगते.

‘अनुवादित’ हा वर्ग बराच काळ छळत होता. अनुवादित कादंबरी ही आधी अनुवादित की आधी कादंबरी? शेवटी अनुवाद हा वर्ग न ठेवता पुस्तकाचा गुणधर्म म्हणून नोंदवला गेला, लेखक, प्रकाशक आणि बांधणी यांच्याबरोबर. यादी त्यावरून गाळता येते, पण ओळीत तो येत नाही. हा निर्णय सर्वांना पटला असे नाही. अनुवादांचे स्वतंत्र कपाट दुकानात वर्षानुवर्षे आहे आणि तेथे ठरलेले वाचक येतात. संकेतस्थळावरही तसे असावे हा आग्रह मला आजही अवास्तव वाटत नाही.

अंमलबजावणी

वूकॉमर्समध्ये ब्रेडक्रंबचा मुख्य वर्ग बदलता यावा म्हणून एक फिल्टर, म्हणजे आपला छोटा प्रोग्रॅम मध्ये जोडून निकाल बदलण्याची सोय, दिलेला आहे. निवडलेला वर्ग आणि पुस्तकाचे सगळे वर्ग त्याच्या हाती येतात आणि तो परत देईल तो वर्ग ओळीत येतो. त्यामुळे मूळ प्लगिनला हात न लावता काम झाले. पुस्तकाच्या नोंदीत ‘मुख्य वर्ग’ असे एक जास्तीचे खाते (रकाना) जोडले गेले. फिल्टर आधी ते खाते वाचतो. तेथे लिहिलेला वर्ग पुस्तकाला अजून लागू आहे का हे तपासतो (ही तपासणी वगळली तर वर्ग काढून टाकल्यावरही ओळीत त्याचे भूत राहते). खाते रिकामे असेल तर ‘विशेष योजना’ आणि तिच्या पोटातले सर्व वर्ग बाजूला सारून उरलेल्यांतला सर्वांत खोल वर्ग घेतो. खोलीचा नियम अशा रीतीने परत आला, पण आता केवळ शेवटचा आधार म्हणून. एसइओ प्लगिनने जी निवड आधीच साठवलेली होती ती नव्या खात्यात उतरवून घेतली, म्हणजे त्या कर्मचाऱ्याचे श्रम अखेरीस कारणी लागले. आणि त्या प्लगिनची ब्रेडक्रंबची यादी पुस्तकांच्या पानांपुरती बंद केली. दिसणारी ओळ आणि यंत्राची ओळ आता एकाच ठिकाणाहून निघतात.

जुन्या पुस्तकांसाठी सीएसव्ही निर्यात उपयोगी पडली. त्यातल्या वर्गांच्या स्तंभात ‘साहित्य > कादंबरी > ऐतिहासिक, विशेष योजना > दिवाळी भेटसंच’ अशी प्रत्येक वाट पूर्ण लिहिलेली असते, दोन वाटांमध्ये स्वल्पविराम असतो. ज्या पुस्तकांच्या स्तंभात एकच वाट होती ती सोडून देऊन बाकीची यादी काका आणि आणखी एक जण यांनी कागदावर छापून घेतली आणि पेनने खुणा केल्या; मग त्या खुणा नव्या स्तंभात भरून यादी परत आयात केली. दुकानात ‘कथा, ललित’ असा नावातच स्वल्पविराम असलेला एक वर्ग होता. निर्यात त्या स्वल्पविरामाच्या आधी खुणेची उलटी तिरकी रेघ टाकते. ती रेघ स्प्रेडशीटमध्ये ‘स्वच्छ’ करताना उडाली आणि आयातीनंतर ‘कथा’ आणि ‘ललित’ असे दोन नवे वर्ग उगवले. त्यांना अर्थातच मोठे क्रमांक मिळाले. जुना नियम चालू असता तर त्या संध्याकाळी सगळ्या कथासंग्रहांची ओळ बदललेली दिसली असती. वर्गाच्या नावात स्वल्पविराम ठेवू नये, ‘कथा व ललित’ लिहावे.

पुस्तकांच्या पत्त्यांत वर्ग नव्हता, फक्त पुस्तकाचे नाव होते, ही मोठीच सोय ठरली. वर्ग पत्त्यात असता तर प्रत्येक बदललेल्या पुस्तकाचा पत्ता बदलला असता आणि जुन्या पत्त्यांवरून नव्यांकडे कायमची वळणे द्यावी लागली असती. येथे तशी वळणे फक्त योजनांच्या वर्गपानांपुरती, जुन्या वर्गाकडून नव्या टॅगकडे, द्यावी लागली. लेखांच्या पत्त्यांना मात्र हात लावला नाही. ते वर्गासकट जुनेच राहिले, आणि लेखांच्या ओळीसाठी पुस्तकांसारखाच मुख्य वर्ग वापरला गेला.

ओळ दाखवण्याच्या पद्धतीतही थोडी दुरुस्ती झाली. पुस्तकाचे नाव ओळीच्या शेवटी येत होते आणि लगेच खाली मोठ्या अक्षरांत तेच पुन्हा. मोबाइलवर ओळीतले नाव लपवले. संरचित माहितीत ते राहिले, तेथे शेवटच्या घटकाला दुवा नसला तरी चालतो. दोन वर्गांमधली तिरकी रेघ मजकुरातून काढून सजावटीत नेली, कारण स्क्रीन रीडर, म्हणजे दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, ती प्रत्येक वेळी वाचून दाखवीत होता. स्क्रीन रीडरला ओळखता यावे म्हणून ओळीला दिशादर्शक भागाचे मराठी नाव दिले. आणि सर्वांत किरकोळ वाटणारी पण डोळ्यांना सर्वांत खुपणारी गोष्ट : थीमने ही ओळ लॅटिन अक्षरांच्या मापाने एवढी आखूड उंचीत बसवली होती की ‘ऐतिहासिक’मधल्या मात्रेचा शेंडा वरून कापला जाई आणि ‘मुख्यपृष्ठ’मधला उकार व ऋकार खालून. ओळीची उंची वाढवणे हे एका मिनिटाचे काम होते. इतके दिवस ते कोणाला सुचले नाही, कारण एवढ्या बारीक ओळीकडे कोणी पाहतच नव्हते.

परीक्षार्थी विद्यार्थ्याचे काय, हा मालकांचा मूळ प्रश्न बाकी होता. पेशवाईवरच्या पुस्तकावर तो परीक्षेच्या विभागातून आला तर वरची ओळ त्याला आता ‘इतिहास / महाराष्ट्र’ असे सांगते. त्याच्यासाठी कार्टच्या बटणाखाली वूकॉमर्स जी वर्गांची यादी आपोआप छापते ती ठळक केली आणि तिचे शीर्षक ‘हे पुस्तक या विभागांतही आहे’ असे केले. परतीची वाट त्याला तेथे मिळते. वरच्या ओळीइतकी ती ठसठशीत नाही, आणि हा या निवडीचा तोटा आहे.

त्यानंतर

मालकांना सर्वाधिक उत्सुकता होती ती गूगलमध्ये ओळ कधी बदलेल याची. गूगल शोधनिकालांत पत्त्याच्या जागी ब्रेडक्रंब दाखवू लागले ते २००९ पासून, आणि त्यांच्या मनात ते चित्र पक्के होते. संगणकावरील निकालांत पाने पुन्हा वाचली गेली तसतशा ओळी बदलल्या, काही लवकर, काही रेंगाळत. मोबाइलवर मात्र त्यांना काहीच दिसले नाही, कारण जानेवारी २०२५ मध्येच गूगलने मोबाइलवरील निकालांतून ब्रेडक्रंब काढून तेथे फक्त संकेतस्थळाचे नाव ठेवले होते. सगळे काम गूगलसाठी केले असते तर त्यांची निराशा झाली असती. फोन करणारे ग्रंथपाल गूगलच्या निकालावर अडले नव्हते, पुस्तकाच्या पानावर अडले होते.

ऑक्टोबरमध्ये पुढच्या दिवाळीचे संच बांधले गेले तेव्हा ते टॅगने बांधले गेले आणि पुस्तकांच्या ओळी जागच्या हलल्या नाहीत. नव्या पुस्तकांच्या बाबतीत घाईच्या दिवसांत ‘मुख्य वर्ग’ हे खाते रिकामे राहते. त्यासाठी खाते भरल्याशिवाय पुस्तक प्रकाशितच होऊ नये अशी सक्ती सुचवली होती, ती दुकानाने नाकारली, आणि त्याऐवजी रिकाम्या खात्यांची यादी दर सोमवारी काकांच्या टेबलावर छापून ठेवली जाते. दिवाळी अंकांचा एक प्रश्न अजून लोंबकळत आहे. ‘नियतकालिके / दिवाळी अंक’ या वर्गाखाली वर्षांच्या शाखा आहेत, आणि जुन्या वर्षांच्या बऱ्याच शाखांत विक्रीला एकही अंक उरलेला नाही. ओळीत वर्ष दाखवले तर जुन्या अंकावरून एक पायरी वर जाणारा संग्राहक रिकाम्या पानावर पोहोचतो. वर्ष गाळले तर यंदाचा अंक शोधणाऱ्याला सगळ्या वर्षांच्या ढिगात उतरावे लागते. तूर्त वर्ष ओळीत ठेवले आहे, आणि ज्या वर्षाचे अंक संपले ते वर्ष हाताने काढून टाकायचे असे ठरले आहे.